ब्लोअरची किरकिर: डॅशबोर्ड उतरवण्याआधी कान लावून ऐका

प्रश्न थोडक्यात असा. गाडी २००५ सालची छोटी हॅचबॅक, नव्वद हजार किलोमीटर झालेली, मुक्काम निफाडजवळ. थंडीत पहाटे हीटर लावला की पहिली पाच-सात मिनिटं डॅशबोर्डच्या डाव्या अंगाने किर्रर्र असा आवाज येतो आणि मग आपोआप थांबतो. गेल्या वर्षी एवढंच होतं, यंदा दुपारी एसी लावला तरी येऊ लागलाय. एका गॅरेजमध्ये सांगितलं, ‘डॅशबोर्ड खोलावा लागेल, अख्खा ब्लोअर बदला.’ शेजारी म्हणतो, ‘खोबरेल सोड दोन थेंब, गप होईल.’ कुणाचं ऐकू?

दोघांचंही नको. नाशिकमध्ये सत्तावीस वर्षं गाड्यांचं इलेक्ट्रिकल काम करतोय, त्या अनुभवावर सांगतो: तुमच्या वर्णनावरून हे ब्लोअरच्या बुशचं, म्हणजे मोटरचा दांडा ज्यात फिरतो त्या कड्याचं दुखणं आहे. डॅशबोर्डला हात न लावता, डाव्या सीटसमोर खाली मान घालून तास-दीड तासात होणारं काम आहे, तेल मुरायला लागणारी रात्र सोडली तर. पण खोबरेल सोडलंत तर दोन महिन्यांनी तीच मोटर माझ्याकडे घेऊन याल, आणि तेव्हा ती दुरुस्त करण्याच्या लायकीची राहिली नसेल.

आधी एक गैरसमज दूर करू. हीटरचा पंखा वेगळा आणि एसीचा वेगळा, असं पुष्कळांना वाटतं. पंखा एकच, तोच ब्लोअर. त्याने ढकललेली हवा गरम पाण्याच्या छोट्या रेडिएटरमधून गेली की हीटर, आणि एसीच्या कॉईलमधून गेली की गारवा. आपल्याकडे निफाड, महाबळेश्वर सोडलं तर हीटरची मूठ वर्षानुवर्षं निळ्या बाजूलाच असते, म्हणून ब्लोअरचा आवाज आला की लोक ‘एसी खराब झाला’ म्हणत एसीवाल्याकडे जातात. तो गॅस भरून देतो. आवाज तसाच राहतो.

त्यामुळे पहिली गोष्ट म्हणजे आवाज ब्लोअरचाच आहे याची खात्री. इंजिन बंद ठेवा, चावी ऑनवर करा, एसीचं बटण बंद, आणि ब्लोअर एकवर लावा, मग दोन, तीन, चार. इंजिन बंद असताना आवाज आला म्हणजे कॉम्प्रेसरचं बेअरिंग, बेल्ट, आयडलर हे सगळे संशयित एका फटक्यात सुटले. वेग वाढवला की आवाजाची पट्टी चढते का ते बघा. चढली तर पंखा किंवा मोटर. वेग बदलूनही आवाज तोच राहत असेल तर दुसरीकडे कुठेतरी प्लास्टिक थरथरतंय. एसी चालू असताना डॅशबोर्डच्या मागून येणारी हलकी ‘स्स्स’ ही बहुतेक वेळा एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून जाणाऱ्या गॅसची असते, तिचा मोटरशी संबंध नाही. ही तपासणी पाच मिनिटांत उरका. जुनी बॅटरी असेल तर अर्धा तास ब्लोअर लावून बसाल आणि मग ढकलायला माणसं शोधाल.

आता आवाज कसा आहे ते ऐका. मराठीत आवाजांना इतके शब्द आहेत की माझं निम्मं निदान गिऱ्हाईक फोनवरच करून देतं. फक्त मी त्याला ‘आवाज येतो’ एवढ्यावर सुटू देत नाही. कसा येतो, तोंडाने काढून दाखवा म्हणतो. मोठमोठी माणसं फोनवर घरघर आणि टकटक करून दाखवतात.

फडफड किंवा फर्रर्र असेल तर कागद नाहीतर पान. हवा आत घेण्याची एक वाट वायपरच्या खालच्या जाळीतून येते आणि दुसरी गाडीच्या आतून, डॅशबोर्डच्या कप्प्याच्या मागून. कप्प्यात कोंबलेल्या टोलच्या पावत्या आणि टिश्यू पेपर मागच्या फटीतून घसरतात आणि ब्लोअर त्यांना ओढून घेतो. बाहेरची हवा आणि आतली हवा यांचं जे बटण किंवा सरकती पट्टी असते ती इकडून तिकडे करून बघा. आवाज बदलला तर कचरा त्या झडपेपाशी अडकलाय.

टकटक, आणि वेग वाढवला की टक्‌टक्‌टक्‌ अशी घाई, म्हणजे पंख्याच्या पात्यांवर काहीतरी कडक आपटतंय. कडुनिंबाखाली गाडी लावणाऱ्यांकडे हा हमखास प्रकार. वायपरखालची जाळी कुठे फुटली असेल तर वाळलेली लिंबोळी आत जाते आणि पंख्यात खुळखुळ्यासारखी फिरत बसते. गुलमोहराची बारीक पानं जाळी फुटलेली नसली तरी आत उतरतात. ती टकटक करत नाहीत, पण पावसाळ्यात कुजून पात्यांना एका बाजूने चिकटतात.

मग येते तिसरी तऱ्हा: घूं-घूं, आणि त्याबरोबर सोबत बसणाऱ्याच्या पायाखाली थरथर. ही तोल गेल्याची खूण. ब्लोअरचा पंखा आपल्या छतावरच्या पंख्यासारखा तीन पात्यांचा नसतो, उभ्या बारीक पात्यांचं ते एक गोल, पोकळ पिंप असतं. त्यावर एका बाजूला तोळाभर चिखल जरी बसला, तरी मिनिटाला दोन-तीन हजार फेऱ्यांना ते सगळी पेटी हलवतं. पहिल्या वेगावर शांत आणि तिसऱ्या-चौथ्यावर थरथर असेल तर मोटर बहुधा चांगली आहे, फक्त पंखा धुवायचाय.

आणि तुमची किर्रर्र. कधी ती चिं-चिं अशी पक्ष्याच्या पिल्लासारखी असते, कधी सुकलेल्या रहाटासारखी कुरकुर. थंडीत सुरुवातीला येते आणि गरम झाल्यावर जाते. उजवीकडे वळताना येते आणि सरळ रस्त्यावर जाते, असंही होतं. हे बुश कोरडं पडल्याचं लक्षण. थांबून थोडं हेच समजावून सांगतो, कारण दुरुस्ती टिकणार की नाही ते यावर ठरतं.

जुन्या गाड्यांच्या बहुतेक ब्लोअर मोटरींत बॉल बेअरिंग नसतं. दांडा दोन्ही टोकांना एकेका बुशमध्ये फिरतो. ते बुश दिसायला पितळी असलं तरी ओतीव पितळ नव्हे. ब्रॉंझची भुकटी दाबून, भट्टीत भाजून ते बनवतात. त्यामुळे त्यात स्पंजासारखी बारीक छिद्रं असतात आणि त्यांत तेल मुरवलेलं असतं, आकारमानाच्या साधारण १५ ते २० टक्के. दांडा फिरू लागला, बुश तापलं की तेल छिद्रांतून बाहेर येऊन दांड्याभोवती पातळ थर धरतं. मोटर थांबून गार झाली की बुश ते तेल पुन्हा आत शोषून घेतं. असं ते वर्षानुवर्षं श्वास घेत राहतं. वीस वर्षांत निम्मं तेल उडतं, उरलेलं धुळीत मिसळून चिकट होतं. मग निफाडच्या थंडीत, पारा एक आकडी झाला की ते घट्ट तेल छिद्रांतून बाहेर यायला पाच-सात मिनिटं घेतं. तेवढा वेळ धातूवर धातू घासतो. तीच तुमची पहाटेची किर्रर्र. यंदा दुपारीही आवाज येतो याचा अर्थ बुशमध्ये बाहेर यायला फारसं तेलच उरलेलं नाही.

आता खोबरेल का नको ते कळेल. खोबरेल चोवीस अंशांच्या खाली गोठतं. हिवाळ्यात आपण बाटली उन्हात ठेवतो तेच हे तेल. बुशच्या छिद्रांत गोठलेलं खोबरेल म्हणजे नाकात कापूस. शिवाय कालांतराने ते खवट होऊन चिकटतं. मागे एका द्राक्षबागायतदाराने असाच उपाय केला होता. नोव्हेंबरपर्यंत गाडी गप होती. डिसेंबरात एके पहाटे ब्लोअर फिरेचना, नुसता ‘हूं’ करत बसला, आणि त्याने कौतुकाने तसाच चालू ठेवला. मोटर काढली तेव्हा कपलर, म्हणजे वायर जोडायचा प्लास्टिकचा खटका, विरघळून काळा गोळा झाला होता.

डब्ल्यूडी-४० बद्दलही सगळे विचारतात. फवारल्यावर आवाज लगेच जातो, म्हणून लोक खूष होतात. पण गंजलेला नट सोडवायला जे चांगलं ते बुशला मारक: ते पातळ असल्याने आत शिरून उरलंसुरलं जुनं तेलही धुऊन काढतं आणि स्वतः उडून जातं. आठवड्यात आवाज दुपटीने परत. ग्रीसही नको, त्याने छिद्रांची तोंडं बुजतात. शिलाई मशीनचं तेल चालतं, पण ते फार पातळ. एक हिवाळा निघेल. मी ६८ नंबरचं टर्बाइन किंवा हायड्रॉलिक ऑइल वापरतो. लेथवाल्याकडे किंवा प्रेसच्या कारखान्यात मागितलंत तर छोटी बाटली फुकट भरून देतात. हे तेल थंडीत वाहतं आणि उन्हाळ्यातही दांड्यावर टिकून राहतं.

खोलण्याबद्दल. डॅशबोर्ड उतरवावा लागतो तो हीटरचा रेडिएटर किंवा एसीची कॉईल काढायची असेल तेव्हा. ब्लोअरची मोटर मात्र आपल्या रस्त्यांवरच्या बहुतेक जुन्या हॅचबॅकमध्ये डाव्या बाजूला, कप्प्याच्या मागे-खाली असते आणि तीन स्क्रूंवर लटकलेली असते. वीस वर्षांचं वाळलेलं प्लास्टिक एकदा उचकटलं की क्लिपा तुटतात आणि मग खड्ड्याखड्ड्यात अख्खा डॅशबोर्ड बोलतो. ब्लोअरची किरकिर परवडली. त्यामुळे कुणी डॅशबोर्डचं नाव काढलं तर त्याला एवढंच विचारा, ‘मोटर खालून निघत नाही का?’ काही मॉडेलांत खरंच निघत नाही, मधे लोखंडी पट्टी आडवी येते. तिथे तो बरोबर असेल. पण त्याने खाली वाकून बघितलेलं तरी असावं.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. कप्पा उतरवा, बाजूचे अडथळे आत दाबले की तो खाली झुलतो. डॅशबोर्डखाली पिवळे कपलर किंवा पिवळ्या आवरणाच्या वायरी दिसल्या तर त्या एअरबॅगच्या, त्यांना हात लावू नका. मोटरचा कपलर सोडवताना वायर ओढू नका, कुलूप दाबून कपलर धरा. तो सुटेपर्यंत त्याचा रंग बघा: पांढरं प्लास्टिक पिवळसर-तपकिरी झालं असेल, तर ती गोष्ट किरकिरीपेक्षा महत्त्वाची आहे, तिच्याकडे पुढे वळतो. मोटरच्या बुडाशी एक छोटी रबरी नळी असते, ती जपून काढा. ती मोटरला गार हवा पुरवते. परत बसवायला विसरलेली ही नळी मी किती गाड्यांच्या कप्प्यात पडलेली बघितलीय! ‘कुठली तरी जास्तीची उरली’ म्हणून ठेवलेली. मग तीन स्क्रू, आणि मोटर पंख्यासकट खाली हातात येते.

खाली येताना जे पडतं ते तोंडावर घेऊ नका. मास्क आणि हातमोजे घाला. पालापाचोळा ठीक, पण उभ्या राहिलेल्या गाडीत उंदराने सीटच्या स्पंजाचं घर केलेलं सापडतं. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो हे मुंबईकरांना पावसाळ्यात नव्याने सांगावं लागत नाही. कोरडं झाडू नका, डेटॉलच्या पाण्याचा फवारा मारून ओलं करा, मग कपड्याने उचला. पेटीत हात घालून झडपेपर्यंतचा सगळा गाळ काढा. तेवढ्यात बोनेट उघडून वायपरखालची पन्हळही बघा. तिची पाणी जाण्याची भोकं पानांनी बुजली की पावसाचं पाणी थेट ब्लोअरमध्ये उतरतं, डाव्या बाजूचा गालिचा ओला राहतो आणि मोटर आतून गंजते. पहिल्या मोठ्या पावसानंतर आवाज सुरू झाला असं सांगणाऱ्याची मी आधी ही भोकंच बघतो.

मोटर हातात आली की दोन परीक्षा. पंखा बोटाने फिरवा. चांगली मोटर दोन-तीन फेऱ्या घेत, आतल्या चुंबकांचे बारीक हिसके देत थांबते. सुकलेली जागीच थबकते. मग दांडा धरून आडवा हलवा. खुटखुट जाणवली नाही तर बुश शाबूत आहे, फक्त तहानलेलं आहे. तेलाने काम होईल. स्पष्ट खुटखुट हाताला लागली तर भोक मोठं झालंय, तिथे तेल घालणं म्हणजे आठवडाभराची उधारी.

पंखा काढताना दांड्यावर तो किती खोल बसलाय याची खूण करा, नाहीतर परत बसवल्यावर पेटीला घासेल. कुठे नट असतो, कुठे तारेची क्लिप, कुठे नुसता घट्ट बसवलेला. निघत नसेल तर हातोडी नको. आतले चुंबक फेराइटचे, चिनी मातीच्या कपासारखे ठिसूळ. एका ठोक्यात तडा जातो आणि मग तो तुकडा आर्मेचरला, म्हणजे मोटरच्या आतल्या फिरणाऱ्या भागाला घासतो. पंखा साबणाच्या पाण्यात जुन्या टूथब्रशने धुवा. धुताना कुठल्या पात्यावर इवलीशी लोखंडी क्लिप दिसली तर ‘हा कचरा’ म्हणून काढू नका! तोल साधण्यासाठी कारखान्यानेच ती बसवलेली असते. माझ्याकडच्या एका पोराने फार निगुतीने पंखा साफ केला, दोन्ही क्लिपा काढून टाकल्या, आणि किरकिर गेली तिथे घूं-घूं आली. नवा पंखा माझ्या खिशातून.

तेल घालायची पद्धत अशी. बिनसुईच्या सिरिंजने नको, सुई लावून. वरच्या बुशपाशी, दांड्याच्या कडेला दोन थेंब. बुशभोवती फेल्टची चकती दिसली तर तिला आणखी दोन-तीन थेंब, ती तेलाचं कोठार असते. दांडा बोटाने फिरवत राहा. मग मोटर तशीच उभी, कोमट जागी रात्रभर ठेवा, तेल मुरू द्या. खालच्या बुशपर्यंत बाहेरून पोचता येत नाही. पुष्कळदा आवाज नेमका त्याचाच असतो, कारण मोटर उभी बसवलेली असल्यामुळे आर्मेचर आणि पंखा यांचं वजन खालच्या टोकावरच येतं. तिथे मोटर खोलण्यावाचून गत्यंतर नाही. पत्र्याच्या दुमडलेल्या कडा हलक्या हाताने उघडतात. पण काही मोटरी कायमच्या बंद केलेल्या असतात, त्या उघडायच्या फंदात पडू नका.

वरून भसाभस तेल ओतून ते खाली पोचेल अशी आशा करू नका. वाटेत कम्युटेटर आहे, म्हणजे दांड्यावरचा तांब्याचा गोल, ज्यावर कार्बनचे तुकडे घासून मोटरला वीज देतात. त्यावर तेल पडलं की कार्बनच्या भुकटीचा काळा चिखल होतो, ठिणग्या उडतात आणि जळका वास येतो.

मोटर खोललीच तर कार्बन बघा. पाच मिलिमीटरच्या आत आले असतील तर बदला. कम्युटेटरवर फक्त काळपट थर असेल तर ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने फिरवून घ्या, खाचांमधली भुकटी काडीने काढा. खोल चर पडला असेल तर नवे कार्बन त्यावर टिकणार नाहीत. नवे कार्बन घातल्यावर पहिले काही दिवस बारीक चिर्र आवाज येतो. ते बसेपर्यंत येणारच, घाबरू नका.

बुश गेलं असेल तर काय? इथे गावोगाव एक जुगाड चालतं: लेथवर पितळेचं बुश कातून घ्यायचं. कातकाम सुंदर होतं, मोटर पहिल्या दिवशी घड्याळासारखी फिरते, आणि दोन-तीन महिन्यांत दांडा पकडते. पितळात तेल मुरायला छिद्रंच नाहीत. दुसरं म्हणजे मूळ बुश बाहेरून गोलसर असतं, स्प्रिंगच्या चकतीत ते किंचित हलून दांड्याच्या रेषेत स्वतःहून येतं. कातलेलं सरळ बुश तसं येत नाही. म्हणून दांडा व्हर्नियरने मोजा आणि भुकटीचंच, गोल पाठीचं बुश शोधा. मिळालं तर बसवायच्या आधी तेलाच्या वाटीत बुडवून ती वाटी गरम पाण्यात तासभर ठेवा. बुडबुडे येतात ते थांबेपर्यंत थांबा; हवा निघते त्या जागी तेल जातं. वाटी थेट गॅसवर ठेवायची नाही. मोटर जोडल्यावर ती बॅटरीवर चालवून स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने अंगावर हलके टिचक्या मारा. एखाद्या टिचकीला आवाज एकदम निवळतो: बुश रेषेत आलं.

इतकी खटपट करायची नसेल तर मोटर बदला, त्यात काही कमीपणा नाही. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला नवी, डुप्लिकेट आणि भंगारातली, तिन्ही मिळतात. जुनी मोटर सोबत न्या. दांड्याची लांबी, स्क्रूंच्या भोकांमधलं अंतर, पंख्याचा व्यास आणि फिरण्याची दिशा जुळवून घ्या. दुकानातच बॅटरीवर चालवून हातात धरा. बाजारातल्या गोंगाटात कानापेक्षा तळहाताला थरथर लवकर कळते. आर्मेचर रिवाइंड करून देतो म्हणणारेही भेटतील. ट्रकच्या स्टार्टरला ते परवडतं, एवढ्याशा मोटरला नाही.

आता त्या तपकिरी कपलरकडे. किरकिरीकडे दोन-दोन वर्षं कानाडोळा करणाऱ्यांसाठी हे आहे. छोट्या गाडीची मोटर चौथ्या वेगावर साधारण १० ते १५ अँपिअर घेते. बुश सुकलं की तीच मोटर तेवढ्याच फेऱ्यांसाठी जास्त करंट ओढते. कपलरचा काटा गंजून किंवा सैल होऊन तिथे नुसता दशांश ओहमचा अडथळा आला तरी १२ अँपिअरला १४ वॅटहून जास्त उष्णता त्या नखाएवढ्या जागेत तयार होते. रेडिओ दुरुस्त करायची सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते, म्हणजे तुमच्या डॅशबोर्डखाली अर्धी सोल्डरिंग आयर्न कायम लागलेली आहे. फ्यूज उडत नाही, कारण करंट त्याच्या मर्यादेतच असतो. प्लास्टिक मऊ होतं, काटा आणखी सैल होतो, उष्णता आणखी वाढते. असा कपलर दिसला तर नुसता घासून परत लावू नका. नवा कपलर वायरीच्या शेपटीसकट घ्या, जोड नीट सोल्डर करा, वर आवरण चढवा.

त्याच कारणाने ब्लोअरचा वेग कमी ठेवायला करंट अडवणारा रेझिस्टन्सही जळतो. पहिले तीन वेग गेले आणि फक्त चौथा चालतो, अशी तक्रार असेल तर तो रेझिस्टन्सच. पहिले वेग त्यातून जातात, चौथा थेट. नवा टाकायच्या आधी मोटर जड झालीय का ते बघा, नाहीतर नवाही जळेल. त्याच्यावरचा छोटा थर्मल फ्यूज उडाला म्हणून तिथे तार जोडून देणारे कारागीर आहेत. त्यांच्याकडून चहा प्या, पण गाडी देऊ नका. तो रेझिस्टन्स लाल होतो आणि त्याच्या शेजारी वाळलेली पानं असतात.

सगळं परत बसवण्यापूर्वी मोटर कपलरला लावा, बॅटरीची वायर जोडा, मोटर हातात धरून चारही वेग फिरवून बघा. पेटीत बसवल्यावर मल्टिमीटर असेल तर फुल वेगावर बॅटरीचा पॉझिटिव्ह आणि मोटरचा पॉझिटिव्ह यांच्यामध्ये लावा. अर्ध्या व्होल्टच्या आसपास ठीक. एक व्होल्टच्या वर गेलं तर वाटेत कुठेतरी, स्विचमध्ये, रिलेत किंवा कपलरमध्ये, व्होल्टेज वाया जातंय. आणि आवाज गेला पण हवा कमी येते असं वाटलं, तर कुणी वायरी उलट जोडल्या असतील. या जातीचा पंखा उलटा फिरला तरी हवा पुढेच ढकलतो, पण जीव नसल्यासारखी. नव्या मोटरला कपलर वेगळा असतो तेव्हा ही चूक हटकून होते, आणि गिऱ्हाईक पुन्हा एसीवाल्याकडे गॅस भरायला जातं.

तुमच्या गाडीचं मला वाटतं ते असं: खुटखुट नसेल तर पंखा धुऊन, तेल मुरवून दोन-तीन हिवाळे निघतील. खुटखुट असेल तर त्याच बैठकीत मोटर बदला, कारण एकदा वाकून काढलेली मोटर परत लावून पुन्हा महिन्याने काढायला मानेची तयारी नसते. दोन्हीपैकी काहीही झालं तरी वायपरखालच्या फुटक्या जाळीमागे मच्छरदाणीची बारीक जाळी लावून टाका, गाडी शेतावर झाडाखाली उभी राहत असेल तर नक्कीच. आणि कप्पा परत लावताना त्याच्या बाजूची दोरी किंवा दांडी आधी अडकवा. ती विसरली की पुढच्या वेळी पावती काढायला कप्पा उघडाल आणि तो सामानासकट शेजारी बसलेल्याच्या मांडीवर पडेल.